विषाचा हिशेब गर्भाच्या खाती

शेतात फवारलेले विष शेतातच जिरते, ही समजूत आता कोणी बाळगू नये. मजूर स्त्रीच्या श्वासातून व त्वचेतून ते तिच्या रक्तात उतरते, वार ओलांडते आणि ज्या जीवाने अद्याप डोळेही उघडलेले नाहीत, त्याच्या घडत्या मेंदूपर्यंत पोहोचते.

क्लोरपायरिफॉस हे १९६५ सालापासून विकले जाणारे कीटकनाशक घ्या. मज्जातंतूंच्या कामाला आवश्यक असे एक विकर निकामी करून ते किडीला मारते. तेच विकर माणसाच्या शरीरातही असते आणि विष पचवून टाकण्याची प्रौढाची शक्ती गर्भापाशी नसते. कॅलिफोर्नियातील सॅलिनास खोऱ्यात बर्कलीच्या संशोधकांनी मेक्सिकन शेतमजूर कुटुंबांतील गर्भवतींची पाहणी केली. या जातीच्या कीटकनाशकांचे अंश ज्या पंचमांश मातांच्या लघवीत सर्वाधिक आढळले, त्यांच्या मुलांचा बुद्ध्यंक सातव्या वर्षी, सर्वांत कमी अंश असलेल्या पंचमांश मातांच्या मुलांपेक्षा सरासरी ७ गुणांनी कमी भरला. २०११ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

पण सत्ताधाऱ्यांचा न्याय पाहा! अमेरिकेने २००१ अखेर या विषाचा घरगुती वापर जवळजवळ बंद केला. शेतातला चालू ठेवला. दिवाणखान्यात रांगणारे मूल वाचवावयाचे आणि मळ्यात राबणारीच्या पोटातले वाऱ्यावर सोडावयाचे, याला विज्ञान म्हणत नाहीत. याला वर्गहित म्हणतात. बंदीचा प्रस्ताव तेथील सरकारी यंत्रणेनेच मांडला होता. २०१७ साली नव्या राजवटीने तो फेटाळला. युरोपीय संघाने मात्र २०२० मध्ये मान्यता काढून घेतली.

आपल्याकडे काय झाले? २०१७ साली यवतमाळात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर मेले, तेव्हा निदान प्रेते मोजता आली. गर्भातल्या हानीचा पंचनामा कोण करणार? २०२० साली केंद्राने ज्या २७ कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा काढला, त्यात क्लोरपायरिफॉस होते. २०२३ च्या अंतिम आदेशात संपूर्ण बंदीतून ते निसटले.

‘पुरावा निर्विवाद नाही’, असे कारखानदारांचे वकील सांगतात. माणसांवर मुद्दाम विषप्रयोग करता येत नाही, म्हणून असा पुरावा कधीच मिळणार नाही, हे त्यांना पक्के ठाऊक आहे. संशयाचा फायदा मालाला का? तो मुलाला मिळाला पाहिजे. ‘पिके बुडतील’ म्हणणाऱ्यांना विचारा, बंदीनंतर युरोपची शेती ओस पडली काय?

साथींनो, निंदण-वेचणीला जाणाऱ्या गर्भवतीला फवारलेल्या रानात पाठवू नये व तिची मजुरी बुडू नये. माल निर्धोक असल्याचे सिद्ध करण्याचा भार विकणाऱ्यावर असावा. आणि क्लोरपायरिफॉसवर संपूर्ण बंदी यावी. या तीन मागण्या शेतमजुरांच्या प्रत्येक सभेत मांडा. मजुराच्या मुलाची बुद्धी ही कोणाच्या नफ्याची कच्ची सामग्री नव्हे!