तसबिरीच्या पाठीवर नाव कुणाचे?

धागा आज जरा लांब आहे. विषय घरात हाताने केलेल्या, भिंतीवर मिरवणाऱ्या कलावस्तूंचा. इतिहासाच्या अभ्यासक्रमात त्यांना जागा नाही, माजघरात मात्र ती नेहमीच होती.

निमित्त आंजर्ल्याचे. दापोली तालुक्यातील या गावी मार्च-एप्रिलमध्ये लोक कासवांची पिल्ले समुद्रात शिरताना पाहायला येतात, कड्यावरच्या गणपतीला जातात आणि नारळी-पोफळीच्या वाडीतल्या एखाद्या घरी मुक्काम करतात. मीही तसाच उतरलो होतो. ओटीच्या भिंतीवर गेरूचा रंग, त्यावर पांढऱ्या त्रिकोणी आकृत्यांचा फेर, मधोमध तारपा वाजवणारा. घरच्या सुनेने हौसेने आणि खरोखर सफाईने रंगवलेले वारली चित्र. आत माजघरात एक जुनी तसबीर होती: लक्ष्मीचे छापील चित्र, पण लुगड्याच्या काठावर खरी जर लावलेली आणि दागिन्यांच्या जागी मणी नि टिकल्या. पाहुणे फोटो काढत होते ते ओटीवरच्या भिंतीचे.

मला वाटते, अधिक थांबून पाहायला हवे होते ते त्या तसबिरीपुढे.

१८७८ साली पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रशाळा छापखाना सुरू केला. १८९४ साली मुंबईत राजा रविवर्मा यांचा छापखाना निघाला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. देवादिकांची रंगीत शिळाछाप चित्रे सामान्य घराच्या आवाक्यात आली ती या काळात. मुंबईच्या आगबोटी आंजर्ल्याशेजारच्या हर्णै बंदराला लागत आणि शहरातला माल किनाऱ्यावरच्या घरांत त्या वाटेने येई. इथपर्यंतची हकिकत कलेतिहासाच्या कोणत्याही पुस्तकात सापडते. पुस्तके बहुधा इथेच थांबतात, कारण छापखान्याचे नाव, चित्रकाराचे नाव, साल, सारे हाती आलेले असते.

परंतु चित्र घरी आल्यावर त्याचे काय झाले? अनेक घरांत ते जसेच्या तसे चौकटीत गेले नाही. लक्ष्मी-सरस्वतीच्या लुगड्यांवर कापड आणि जर चिकटवली गेली, गळ्यात मणी ओवले गेले, मुकुटावर टिकल्या बसल्या, आणि मग वर काच आली. हे काम काही ठिकाणी कारागीर करत. घरोघरी ते बायकांनी केले. अशा सजवलेल्या तसबिरी आज संग्राहक चढ्या भावाने घेतात. सूचीत नाव असते रविवर्म्यांचे. जर लावणाऱ्या हाताचा उल्लेख झालाच तर ‘सजावटयुक्त’ या एका विशेषणापुरता.

वॉल्टर बेंजामिन या जर्मन विचारवंताचा १९३६ सालचा एक निबंध आम्हा विद्यार्थ्यांना हटकून वाचायला लावतात. यंत्राने कलाकृतीच्या हव्या तितक्या प्रती काढता येऊ लागल्या की मूळ कृतीभोवतीचे तेजोवलय विरून जाते, असे त्याचे म्हणणे. आंजर्ल्याच्या त्या माजघरात उभे राहून वाटले, या गृहस्थाला ही तसबीर दाखवायला हवी होती. हजारो घरांत एकच लक्ष्मी पोचली होती हे खरे. पण सुई, खळ आणि मण्यांची डबी घेऊन बसलेल्या बाईने तिला आपल्या घरची करून घेतले. याची रीत तिला नवी नव्हती. कापूस वळून, मध्ये कुंकवाची बोटे लावून देवासाठी वस्त्रमाळ करणारे तेच हात. मूर्तीला वस्त्र वाहायचे, तर चित्रातल्या देवीला का नाही? मी याला निव्वळ सजावट म्हणणार नाही. ती पूजेचाच एक भाग होती.

आता माझे मत, ज्यावर वाद होईल याची कल्पना आहे. आज घरी भिंतीवरच्या वस्तू करणाऱ्यांना दोन बाजूंनी टोमणे बसतात. कुणी म्हणते, तयार साहित्याची पेटी आणून, छापील आराखड्यात रंग भरून केलेली ती काय कला? कुणी म्हणते, परंपरा मोडली. पहिल्या आक्षेपाला इतिहासाचा आधार नाही. रविवर्म्यांचे छापचित्र हाही बाजारातून आणलेला तयार आराखडाच होता. प्रश्न, हाताने त्यावर स्वतःचा कोणता निर्णय घेतला, हा आहे. लुगड्याला हिरवी जर की लाल, हे मळवलीच्या छापखान्याने ठरवले नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर, आणि तो मला ओटीवरच्या वारली चित्राकडे परत नेतो. वारल्यांची वस्ती डहाणू, तलासरी, जव्हार या बाजूची, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातली; आंजर्ल्याच्या भिंतीशी तिचा परंपरेने संबंध नाही. तिथे लग्नघरी तांदळाच्या पिठाने देवचौक काढला जातो, चौकात पालघट देवी असते, आणि तो काढण्याचा मान सुवासिनींचा. १९७०च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी यांनी त्या पाड्यांवर कागद नेला. कागदाबरोबर चित्र विधीबाहेर पडले, पुरुषांच्याही हाती आले, आणि जगाला पहिले मोठे नाव कळले ते जिव्या सोमा मशे यांचे. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची थोरवी निर्विवाद आहे. कागदावर त्यांनी जे गतिमान जग उभे केले ते त्यांचेच. तरी त्यांच्याआधी पिढ्यानपिढ्या चौक लिहिणाऱ्या सुवासिनींपैकी एकीचेही नाव आपल्याला घेता येत नाही. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला, म्हणजे समाजाचे नाव कायद्याने नोंदले गेले. व्यक्तींची नावे तशीच राहिली.

म्हणून आंजर्ल्याच्या सुनेने वारली चित्र काढू नये, असे मी म्हणणार नाही. ते कुणाचे, हे पाहुण्याला सांगावे, एवढेच. आणि त्याच घराच्या अंगणात चैत्रात काय लिहिले जाई, तेही आठवावे. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंतचे चैत्रांगण: पाळण्यातली गौर, सूर्य-चंद्र, शंख, गोपद्मे, करंडा-फणी, नाग आणि हो, कासवही. कोकणात भाताची फोलपटे जाळून केलेली पांढरी राख रांगोळी म्हणून वापरत. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात धूलिचित्राचा उल्लेख आहे. तो लिहिणाऱ्या सोमेश्वर राजाचे नाव आपण परीक्षेत लिहितो. अंगणातले धूलिचित्र मात्र वाऱ्यावर जाते आणि दुसऱ्या दिवशी नव्याने काढले जाते. पुसले जाणे हा त्याचा धर्मच. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तसबिरीचे तसे नाही. ती टिकावी म्हणूनच काचेमागे ठेवलेली असते. कोकणातल्या चार महिन्यांच्या दमटपणात कागदाला बुरशी धरते, कसर लागते, चौकटीला वाळवी. एवढ्यातून जी वाचली तिच्याविषयी काही ठाऊक असावे, ही अपेक्षा फार नाही.

निघायच्या दिवशी मी काकूंना विचारून ती तसबीर खाली उतरवली. पाठीवर चौकट बसवणाऱ्या मुंबईच्या दुकानाची अर्धवट फाटलेली चिठ्ठी होती, मालकाचे नाव अजून वाचता येत होते. जर कुणी लावली, असे विचारले. काकू म्हणाल्या, “आमच्या आजेसासूबाईंनी. त्या गेल्या तेव्हा मी या घरात आलेही नव्हते.” त्यांचे नाव? सासरचे नाव काकूंनी लगेच सांगितले. लग्नात बदलण्यापूर्वीचे, ज्या नावाची मुलगी हे मणीकाम शिकली असेल ते, घरात कुणालाच माहीत नव्हते.

जाता जाता ओटीवरच्या वारली चित्राचे चारही कोपरे पाहिले. सुनेची सही कुठेच नव्हती.