एका आकड्याची कारकुनी

‘संकेतांक देणे ही कारकुनी बाब आहे, धोरणाच्या बैठकीत ती कशाला?’ असे एक वरिष्ठ सहकारी एकदा सहज म्हणून गेले. तेव्हा कोणीच प्रतिवाद केला नाही. मीही केला नाही. तो आज येथे करीत आहे.

उदाहरण मुद्दाम एका दुर्मिळ आजाराचे घेतो. स्वित्झर्लंडच्या गासर यांनी १९५५ साली वर्णिलेल्या हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोममध्ये, म्हणजेच एचयूएसमध्ये, तांबड्या पेशी फुटतात, प्लेटलेट्स घटतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात. रुग्ण बहुधा लहान मुले असतात. आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत या आजाराचा संकेतांक आहे डी ५९.३. तो मूत्रपिंडाच्या नव्हे, रक्ताच्या प्रकरणात येतो. तेही एक वेळ चालेल. पण या एका संकेतांकाखाली निदान तीन वेगळे आजार कोंबलेले आहेत. पहिला अतिसार वा आमांशाच्या जंतुविषाने होणारा. त्यात मुख्य आधार डायलिसिस व शुश्रूषेचा. दुसरा जनुकीय दोषाचा; त्यावरील एक्युलिझुमॅब हे औषध जगातील अत्यंत महागड्या औषधांत गणले गेले आहे. तिसऱ्यात शरीर स्वतःच्याच ‘फॅक्टर एच’ या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. त्यात प्लाझ्मा बदलणे आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे वेळेवर मिळाली तर मूत्रपिंड वाचू शकते.

हा तिसरा प्रकार आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी नोंदींत, जंतुविषाने न झालेल्या एचयूएसच्या ७८१ रुग्णांपैकी ४३६ जणांत, म्हणजे सुमारे ५६ टक्क्यांत, ही प्रतिपिंडे आढळली. युरोपातील प्रमाण याहून पुष्कळ कमी आहे. म्हणजे जो प्रकार आपल्याकडे विशेषत्वाने आढळतो आणि ज्याचा उपचार तुलनेने आवाक्यात आहे, त्यालाच सरकारी तक्त्यात स्वतंत्र रकाना नाही. मग प्लाझ्मा बदलण्याची यंत्रे कोणत्या जिल्ह्याला किती लागतील, हे अंदाजपत्रक करणाऱ्याने कशाच्या आधारे ठरवायचे?

अमेरिकेने ऑक्टोबर २०२२ पासून याच संकेतांकाचे चार भाग केले: अनिर्दिष्ट, संसर्गजन्य, आनुवंशिक आणि इतर. राष्ट्रीय गरजेनुसार एक अंक वाढवता येतो, हे त्यातून सिद्ध होते. मात्र ती विभागणी जशीच्या तशी उचलण्यात अर्थ नाही. प्रतिपिंडांच्या प्रकाराला तिथेही स्वतंत्र जागा नाही. आपला पाचवा अंक आपल्या रुग्णांकडे पाहूनच ठरला पाहिजे.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला असा की, १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या अकराव्या आवृत्तीत संकेतांक जोडून अधिक तपशील देण्याची सोय आहे, तोवर थांबावे. परंतु आवृत्ती अमलात येणे आणि ती जिल्हा रुग्णालयाच्या नोंदवहीपर्यंत पोहोचणे यांत किती वर्षे जातात, हे या खात्यांत आयुष्य काढलेल्यांना सांगायला नको. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: डॉक्टर मुळात निदानच पुरते लिहीत नाहीत. हे खरे आहे. २०२० साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्के मृत्यूंचेच कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झाले होते. आणि प्रमाणपत्रावर नुसते ‘मूत्रपिंड निकामी’ लिहिले की मूळ आजार आकडेवारीतून नाहीसा होतो. पण हा आक्षेप माझ्या मुद्द्याला बळकटीच देतो. रकानाच नसेल तर तपासणी करून नेमके लिहिण्याचे कारण तरी काय उरते?

माझी मागणी मोठी नाही. दुर्मिळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणाखाली नेमलेल्या उत्कृष्टता केंद्रांत आणि केंद्र सरकारच्या रुग्णालयांत डी ५९.३ पुढे कारणदर्शक अंक सक्तीचा करावा. ‘तपासणी झाली नाही’ हाही त्यातील एक पर्याय असावा. ती कबुलीसुद्धा माहितीच असते. यासाठी नवा कायदा नको, नवे मंडळ नको. एक परिपत्रक आणि थोडे प्रशिक्षण पुरेल.

अर्थशास्त्रात सीमान्त खर्च नावाची कल्पना आहे. एका जादा आकड्याचा सीमान्त खर्च जवळजवळ शून्य आहे. तो न लिहिण्याची किंमत मात्र एखादे मूल आयुष्यभर डायलिसिसवर राहून चुकवते. यालाच कारकुनी म्हणायचे असेल, तर अशी कारकुनी करणे हेच आपले काम आहे.