शंट असलेल्याच्या डोकेदुखीला पित्त म्हणू नका

डोक्यात शंट बसवलेलं मूल, तरुण किंवा वयस्कर माणूस ज्या घरात आहे, त्या प्रत्येक घराला ही कळकळीची विनंती आहे.

डोकं दुखतंय आणि उलटीही झाली, की आपल्याकडे पहिला शब्द निघतो तो पित्ताचा. मग लिंबाचं सरबत, आल्याचा रस, कपाळाला सुंठीचा लेप, मेडिकलमधून आणलेली गोळी आणि ‘जरा पडून राहा, बरं वाटेल’ हा सल्ला. एरवी यात फारसं काही बिघडत नाही. शंट असलेल्या माणसाच्या मात्र हे जिवावर बेतू शकतं. अशा माणसाला डोकेदुखी आणि उलटी एकत्र झाली, तर शंट चालू आहे याची खात्री होईपर्यंत तो शंटचाच बिघाड धरायचा.

मोठ्या माणसाच्या मेंदूत रोज साधारण अर्धा लिटर पाणी तयार होतं आणि तेवढंच रक्तात शोषलं जातं. क्षयाचा मेंदूज्वर, जन्मजात दोष, रक्तस्राव किंवा गाठ यांमुळे ही वाट अडली, की पाणी साचतं आणि मेंदूवर दाब येतो. न्यूरोसर्जन बहुतेक वेळा मेंदूतल्या पोकळीपासून कानामागून, मानेतून, छातीवरून कातडीखालून बारीक नळी थेट पोटात नेतात. हाच शंट. ‘नळी टाकली, आता सुटलो’ असं घरी येताना वाटतं. पण मूळ आजार तिथेच असतो. पाण्याला फक्त दुसरी वाट मिळालेली असते. ती वाटही तुंबते, तुटते, मूल उंच झालं की तोकडी पडते. मुलांमध्ये दर दहांतले तीन-चार शंट पहिल्या वर्षातच बिघडतात. वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेला शंटही एखाद्या दिवशी बंद पडू शकतो.

ऑपरेशननंतरचे काही दिवस डोक्यावरची आणि पोटावरची जखम दुखणारच, पण ते दुखणं दिवसागणिक कमी व्हायला हवं. कमी झालेलं दुखणं पुन्हा वाढू लागलं, तर थांबू नका. शंट तुंबल्यावरची डोकेदुखी बहुधा पहाटे किंवा उठल्या उठल्या जास्त असते, कारण रात्रभर आडवं राहिल्याने डोक्यातला दाब वाढतो. सोबत उलट्या, चिडचिड, सतत झोप, दोन-दोन दिसणं, वर बघता न येणं. तान्ह्या बाळाला डोकं दुखतंय हे सांगता येत नाही. त्याची टाळू फुगते, डोळे खाली वळलेले राहतात, ते दूध नाकारतं. ताप आला, नळीच्या मार्गावर लाली किंवा सूज दिसली, पोट दुखू लागलं, तर जंतुसंसर्गाची शंका घ्यायची, विशेषतः पहिल्या काही महिन्यांत.

याच्या अगदी उलट तऱ्हाही असते. शंटमधून पाणी गरजेपेक्षा जास्त वाहून गेलं, तर उभं राहिल्यावर, दिवस चढेल तसं डोकं दुखतं आणि आडवं पडलं की उतरतं. म्हणून दुखणं किती वाजता सुरू झालं, उभ्याने वाढतं की झोपून, हे वहीत लिहून ठेवा. एका ओळीच्या या नोंदीवरून डॉक्टरांना बरंच कळतं. बद्धकोष्ठाकडेही लक्ष असू द्या, कारण पोटातला दाब वाढला की नळीतून पाणी उतरायला अडथळा येतो. नळीवर कानामागे बसवलेली झडप मात्र स्वतः दाबून पाहू नका.

शंट असलेल्याला अर्धशिशी होऊ शकते, चष्म्याचा नंबर बदलू शकतो, जागरणानेही डोकं धरू शकतं. प्रत्येक वेळी घाबरून जावं असं मी म्हणत नाही. पण हा निवाडा घरात किंवा मेडिकलच्या काउंटरवर होऊ नये. महिन्यातले निम्मे दिवस वेदनाशामक गोळी घेतली, तर त्या गोळ्यांनीच डोकेदुखी जडू शकते, आणि खरा बिघाड तेवढे दिवस झाकलेला राहतो.

अनेक आईबाप ‘परत आलात?’ या प्रश्नाच्या धास्तीने दवाखान्यात जायला कचरतात. लेखक रोआल्ड डाल यांच्या तान्ह्या मुलाला १९६० साली न्यूयॉर्कमध्ये टॅक्सीची धडक बसली आणि त्याला शंट बसवावा लागला. तो इतक्यांदा तुंबला, की डाल यांनी एक सर्जन आणि एक यंत्रतज्ज्ञ यांना सोबत घेऊन नवी झडपच तयार करवली. शंट तुंबण्यात तुमचा काही दोष नाही. दहादा जावं लागलं तर दहादा जा.

जाताना फाइल हवीच. ऑपरेशन कधी झालं, झडप कोणत्या जातीची, आणि तब्येत ठीक असतानाचा सिटी स्कॅन. जुना स्कॅन शेजारी ठेवल्याशिवाय नव्याचा अर्थ लावणं अवघड जातं. या साऱ्याचे फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. झडप बाहेरून चुंबकाने जुळवायची असेल, तर एमआरआयच्या आधी तसं सांगा आणि नंतर तिची जुळणी तपासून घ्या.

गावोगावच्या डॉक्टरांना हात जोडून विनंती आहे, की शंटची खूण दिसली तर उलटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवू नका. काही रुग्णांत शंट बंद असूनही पोकळ्या फुगत नाहीत; स्कॅन ‘नॉर्मल’ आला तरी न्यूरोसर्जनशी बोला. शिक्षकांनो, असं मूल वर्गात अचानक पेंगू लागलं, अक्षर बिघडलं, तर घरी त्याच दिवशी कळवा. पैशाची अडचण असेल, तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला महात्मा फुले जन आरोग्य योजनेबद्दल विचारा, पण पैशाची जमवाजमव होईपर्यंत रुग्णाला घरी ठेवू नका.

डोकेदुखीसोबत उलटी आणि गुंगी असेल, फिट आली असेल, हाक मारल्यावर डोळे उघडत नसतील, तर सकाळची वाट पाहू नका. रात्री कितीही वाजले असोत, १०८ ला फोन करा, फाइल उचला आणि न्यूरोसर्जन असलेलं रुग्णालय गाठा.