फवारणीचें कसब आणि त्याचें माप

देशोदेशींच्या कामकरी वर्गाच्या अंगीं कौशल्य किती व उणीव किती, हें मोजून त्यांची तुलना करण्याचा प्रघात आतां रूढ झाला आहे. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेनें २०२२-२३ सालीं ३१ देश व प्रदेशांत १६ ते ६५ वर्षांच्या माणसांचें वाचन, हिशेब व अडचण सोडविण्याची हातोटी यांची तपासणी केली. त्या यादींत आपला देश नव्हता. २०२४ सालीं महाराष्ट्र सरकारनें जर्मनींतील बाडेन-वुर्टेंबर्ग राज्यास कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला. तिकडे जाणाऱ्यांच्या कसबाची पारख होईल, हें ठीकच. परंतु जे येथेंच शेतांत राबतात त्यांच्या कसबाचें माप कोणी घ्यावयाचें, असा आमचा प्रश्न आहे.

हा प्रश्न पोकळ नाहीं. २०१७ सालीं आमच्या यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी व मजूर मृत्यु पावले. कपाशी माथ्याएवढी वाढलेली, औषधें एकांत एक मिसळलेलीं, आणि पुष्कळांच्या तोंडावर फडकेंही नाहीं. फवारणाऱ्याच्या अज्ञानास दोष देऊन मोकळें होणें सोपें आहे. पण जर्मनींत हें काम धंदा म्हणून करणाऱ्यास शिक्षण घेऊन दाखला मिळवावा लागतो व दर तीन वर्षांच्या मुदतींत उजळणी करावी लागते. आमच्याकडे पाठीवर पंप चढविला कीं माणूस पात्र ठरला! उणीव हातांत नव्हे, शिकविण्यांत आहे.

तथापि केवळ दाखले मोजून तुलना करणेंही आम्हांस मान्य नाहीं. वाफसा ओळखून तिफण धरणारा गडी आणि काडीकचरा न येऊं देतां कापूस वेचणारी बाई यांच्यापाशीं कागद नाहीं, एवढ्यावरून त्यांस अकुशल म्हणणें अन्यायाचें होय. कसब कामावर पाहावें.

म्हणून आमची सूचना अशी कीं, उमरखेड तालुक्यांत गावोगावीं ज्येष्ठांत, पेरणीपूर्वीं, फवारणी करणाऱ्यांची पारख व्हावी. डब्यावरील लाल, पिवळा, निळा व हिरवा त्रिकोण काय सांगतो हें त्यास कळतें काय. औषध मापानें घेतो कीं अंदाजानें. वारा पाहून उभा राहतो काय. काम संपल्यावर अंग धुतो कीं तसाच भाकरीस बसतो, एवढें पाहिलें तरी पुरे. ज्यास येत नसेल त्यास शिकवावें; त्यासाठीं अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाचें साहाय्य मागावें. जो कसोटीस उतरेल त्यास चार पैसे अधिक मजुरी द्यावी. जो उतरला नाहीं त्याच्या पाठीवर पंप देऊं नये. हा भार शेतमालकानेंच उचलला पाहिजे. कारण पीक त्याचें असतें, आणि जीव पुष्कळदां दुसऱ्याचा जातो.

पेरणीपूर्वीं बियाणें उगवतें कीं नाहीं हें आपण पाहतों. ज्याच्या हातीं विष द्यावयाचें, त्याचीही पारख त्याच वेळीं करावी.