दुर्लक्षित संगीताचा खटला पुन्हा चालवा!

जे गाणे काळाच्या ओघात टिकले नाही ते टिकण्याच्या लायकीचेच नव्हते, हा युक्तिवाद ऐकावयास मोठा शहाणपणाचा वाटतो. त्यात निसर्गनियमाचा आव आहे. परंतु गाणे हे रानातले झाड नव्हे, की ज्याचे जगणे-मरणे ऊन-पावसावर सोपवून मोकळे व्हावे. गाणे लोकांपर्यंत पोहोचते ते तबकडी काढणाऱ्या कंपनीमार्फत, आकाशवाणीच्या निवड समितीमार्फत, सभागृहाच्या व्यवस्थापकामार्फत आणि वर्तमानपत्रातील टीकाकारामार्फत. ही दारे ज्याला बंद होती त्याला ‘लोकांनी नाकारले’ असे म्हणणे म्हणजे आरोपीचे म्हणणे ऐकून न घेताच शिक्षा ठोठावणे होय. संगीताच्या क्षेत्रात असे एकतर्फी निकाल असंख्य लागले आहेत. त्यांची फेरतपासणी झाली पाहिजे. आणि ती करताना डाव्या सांस्कृतिक चळवळीने स्वतः दिलेले निकालही त्यातून सुटता कामा नयेत.

कोलकात्यातील सात तरुण

या संदर्भात बंगालमधील एक उदाहरण मुळापासून समजून घेण्याजोगे आहे. 1970 च्या दशकाच्या मध्यावर कोलकात्यात सात तरुणांचा एक वाद्यगायनगट उभा राहिला. जीवनानंद दास यांच्या एका कवितेतील शब्द उचलून त्याने नाव धारण केले ‘मोहिनेर घोडागुली’, म्हणजे मोहीनचे घोडे. गटाचा सूत्रधार गौतम चट्टोपाध्याय हा नक्षलबारीच्या लाटेत ओढला गेलेला आणि त्यापायी तुरुंगवास भोगून आलेला तरुण होता. गिटार, व्हायोलिन, सॅक्सोफोन ही वाद्ये आणि बाउलांच्या गायनाचा संस्कार यांचा मेळ घालून या मंडळींनी नव्या धर्तीची बंगाली गाणी बांधली. महानगराची दमछाक, तरुणांची उद्विग्नता, खेड्याची ओढ हे त्यांचे विषय होते. 1977, 1978 आणि 1979 अशा तीन वर्षांत त्यांच्या तीन छोट्या तबकड्या निघाल्या. 1981 मध्ये गट विखुरला. बहुसंख्य श्रोत्यांनी त्याची दखलही घेतली नव्हती.

दखल का घेतली गेली नाही? एका बाजूला रवींद्रसंगीत आणि चित्रपटगीते यांवर पोसलेला भद्रलोक होता. त्याला हा गोंगाट वाटला. दुसऱ्या बाजूला गणसंगीताची थोर परंपरा सांगणारी डावी मंडळी होती; त्यांना गिटार दिसली आणि गाण्याचे शब्द ऐकण्यापूर्वीच साम्राज्यवादी संस्कृतीचा वास आला. पहिली तबकडी निघाली त्याच 1977 साली बंगालमध्ये डावी आघाडी सत्तेवर आली. पुढे ‘अपसंस्कृती’ हा शब्द तेथे परवलीचा झाला. 1980 च्या दशकात आघाडी सरकारच्या एका मंत्र्याने पॉप गायिका उषा उथुप यांच्या गायनावर हाच शिक्का मारला. प्रकरण न्यायालयात गेले आणि निकाल गायिकेच्या बाजूने लागला. अशा हवेत एखाद्या अपरिचित गटाविरुद्ध फर्मान काढण्याची गरजच नसते. दुर्लक्ष पुरेसे होते.

परंतु खटला तेथे संपला नाही. 1995 मध्ये गौतम चट्टोपाध्याय यांनी ‘आबार बछर कुडी परे’ ही ध्वनिफीत प्रसिद्ध केली. तिचा विशेष नीट ध्यानात घ्यावयास हवा. जुन्या तबकड्या झाडूनपुसून पुन्हा विकण्याचा तो उद्योग नव्हता. त्यांनी नव्या पिढीतील गायकांना आणि गटांना एकत्र आणले, जुन्या गाण्यांच्या शेजारी त्यांची नवी गाणी ठेवली आणि स्वतःकडे संपादकाची भूमिका घेतली. पुढच्या चार वर्षांत अशा आणखी तीन ध्वनिफिती निघाल्या. 1999 मध्ये त्यांचे निधन झाले. पण तोवर बंगाली भाषेत गाणाऱ्या तरुण गटांची एक फळी उभी राहिली होती, आणि ती या विस्मृत गटाला आपला पूर्वज मानीत होती. ज्याला वीस वर्षांपूर्वी श्रोते नव्हते त्याला आता वारस मिळाले. काळाचा निकाल अखेरचा असता तर हे घडलेच नसते.

वाद्याला जात नसते

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: वाद्ये परकी आहेत, म्हणून संगीत परके आहे. हा आक्षेप मराठी माणसाने तरी घेऊ नये. ज्या पेटीवाचून संगीत नाटकाचा पडदा वर जात नसे आणि जिच्यावाचून भजनाचा फड आजही रंगत नाही, ती पेटी एकोणिसाव्या शतकात युरोपातून आली. भारतीय संगीताला अयोग्य ठरवून 1940 मध्ये आकाशवाणीने तिला हद्दपार केले, आणि ही बंदी शिथिल व्हावयास 1971 उजाडावे लागले. तीन दशके सरकारी ध्वनिक्षेपक पेटीला बंद होता. गिरणगावातल्या चाळींना मात्र तिच्या वंशावळीची फिकीर नव्हती. वाद्य कोणाचे हे कारखान्याच्या शिक्क्यावरून ठरत नाही. ते हाती कोण धरतो आणि कोणासाठी वाजवितो, यावरून ठरते.

चिलीचा कम्युनिस्ट गायक व्हिक्टर हारा याने हे ओळखले होते. 1971 मध्ये हो चि मिन्ह यांना उद्देशून रचलेले शांततेच्या हक्काचे गीत ध्वनिमुद्रित करताना त्याने ‘लोस ब्लोप्स’ या रॉक गटाला सोबत घेतले आणि विजेच्या गिटारीला व्हिएतनामच्या बाजूने उभे केले. सप्टेंबर 1973 च्या लष्करी उठावानंतर हारा मारला गेला, आणि त्या राजवटीत चरांगो व केना ही अँडीज पर्वतातील खेडुतांची वाद्येदेखील संशयित ठरली. तेव्हा ‘बारोको आन्दिनो’ या गटाने त्याच वाद्यांवर बाखचे संगीत वाजविण्याची युक्ती काढली. वाद्यावर शिक्का मारण्याचा धंदा मुळात कोणाला शोभतो, हे यावरून उघड व्हावे. 2019 मध्ये चिलीतील जनता रस्त्यावर उतरली तेव्हा हाराचे तेच गीत पुन्हा हजारोंच्या मुखी आले.

समाजवादी देशांचा अनुभवही याच दिशेने बोट दाखवितो. 1928 मध्ये खुद्द ‘प्रावदा’त मॅक्झिम गॉर्कीने जाझला लठ्ठांचे संगीत म्हणून झोडपले. सहाच वर्षांनी लिओनिद उत्योसोवच्या जाझ वाद्यवृंदाचा चित्रपट सोवियत प्रेक्षकांनी डोक्यावर घेतला, आणि महायुद्धात असेच वाद्यवृंद आघाडीवरील सैनिकांसमोर वाजत होते. 1965 मध्ये पूर्व जर्मनीतील लाइपझिग शहरात बहुतेक बीट गटांवर बंदी आली. 31 ऑक्टोबरला तरुण रस्त्यावर आले तर पोलिसांनी त्यांची धरपकड केली. त्या बंदीने तरुणांची आवड बदलली नाही, फक्त त्यांचा विश्वास गेला. याउलट क्यूबाचे उदाहरण पाहावे. 1960 च्या दशकात तेथेही बीटल्स गटाच्या संगीताकडे वक्रदृष्टीने पाहिले जात असे. परंतु 8 डिसेंबर 2000 रोजी हवानातील एका उद्यानात जॉन लेनन याच्या पुतळ्याचे अनावरण झाले ते कॉम्रेड फिडेल कॅस्ट्रो यांच्या उपस्थितीत. जुना निकाल फिरविल्याने क्रांतीचे काही बिघडले नाही.

तमाशाचा धडा

दुर्लक्षित संगीताला दुसरी संधी देणे हे डाव्या चळवळीला परके काम आहे काय? महाराष्ट्राचा इतिहास नेमके उलट सांगतो. तमाशा आणि लावणी यांना पांढरपेशा समाजाने अश्लील व असंस्कृत ठरविले होते, आणि स्वातंत्र्यानंतरच्या मुंबई सरकारनेही तमाशावर बंधने घातली. 1944 मध्ये उभ्या राहिलेल्या लाल बावटा कलापथकाने, अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी, मात्र त्याच तिरस्कृत प्रकाराकडे वेगळ्या नजरेने पाहिले. अण्णाभाऊंनी गणपतीच्या गणाऐवजी मातृभूमीला आणि श्रमिकांना वंदन घातले, बतावणीची धार सावकार-गिरणीमालकांकडे वळविली, आणि ढोलकी-तुणतुणे होते तसेच ठेवले. जो न्याय ढोलकीला तोच गिटारीला का नको? ढोलकीला संधी मिळाली ती तिच्या शुद्ध देशीपणामुळे मिळाली असे जो म्हणतो, त्याला अण्णाभाऊंचे काम कळलेलेच नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ही गाणी निराशेची आहेत, त्यांत संघर्षाची हाक नाही, असे म्हटले जाते. काही गाण्यांपुरते ते खरेही आहे. परंतु बेकार तरुणाची उदासी ही शत्रूने पेरलेली अफवा नसते. ती त्याच्या परिस्थितीची साक्ष असते. साक्षीदाराने घोषणा दिली नाही म्हणून त्याची साक्ष फेटाळणारा न्यायाधीश कोणत्या योग्यतेचा? ज्या चळवळीला लोकांचे दुःख ऐकवत नाही, तिची हाक लोकांनी का ऐकावी?

बाजारही पुन्हा शोध घेतो

तिसरा इशारा उलट बाजूने द्यावयास हवा. दुर्लक्षित संगीताचा शोध बाजारालाही लागतो, किंबहुना आज त्यालाच सर्वांत आधी लागतो. ‘मोहिनेर घोडागुली’च्या ‘पृथिबी’ या गाण्याची चाल 2006 मध्ये ‘गँगस्टर’ या हिंदी चित्रपटातील गाण्यातून देशभर पोहोचली. ती गुणगुणणाऱ्या लक्षावधी लोकांपैकी कितीजणांना त्या सात तरुणांची नावे ठाऊक झाली? बाजाराची दुसरी संधी ही बहुधा अशीच असते: चाल उचलली जाते, माणसे मागेच राहतात, सूर सापडतो, त्याचा काळ आणि त्याचा राग हरवतो. म्हणूनच हे काम बाजारावर सोडून चालणार नाही.

मग करावयाचे काय? फेरतपासणी म्हणजे सरसकट निर्दोष मुक्तता नव्हे. पुष्कळसे विस्मृत संगीत सुमारच निघेल, आणि त्याला सुमार म्हणण्यास कोणी कचरू नये. मागणी एवढीच आहे की निकालापूर्वी ऐकावे. सांस्कृतिक आघाडीवरील प्रत्येक शाखेने आपल्या गावातील बंद पडलेली कलापथके, बँडवाले, भजनी मंडळे, तरुणांचे वाद्यवृंद यांची माहिती जमवावी. कपाटात बुरशी धरून पडलेल्या तबकड्या व ध्वनिफिती कोरड्या जागी हलवाव्यात, त्यांच्या प्रती कराव्यात आणि त्यांवर गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांची नावे लिहून ठेवावीत. ज्यांना ती गाणी आठवतात ती माणसे म्हातारी होत आहेत. ‘मोहिनेर घोडागुली’पैकी तापस दास हेही 2023 मध्ये गेले. शाहिरांच्या मंचावर तरुणांच्या गटांनाही जागा द्यावी, आणि शाहिरांनी समोर बसून त्यांना ऐकावे. महाराष्ट्राबाहेर, कोलकात्यात, इंदुरात, हैदराबादेत राहणाऱ्या मराठी सभासदांवर तर विशेष जबाबदारी आहे. त्या त्या भाषेतील उपेक्षित गीते मराठी श्रोत्यांपर्यंत आणण्याचा पूल त्यांच्यावाचून कोण बांधणार?

ऐकताना प्रश्न तीनच विचारावेत. हे गाणे कोणाच्या जगण्यातून आले? त्याचे तोंड कोणी आणि का बंद केले? आज ते गाण्याने कोणाला बळ मिळेल? या प्रश्नांची उत्तरे तबकडीच्या खपातून मिळत नाहीत, की वाद्याच्या जन्मदाखल्यातून मिळत नाहीत. त्यासाठी कान द्यावा लागतो. ज्यांनी उपेक्षितांची बाजू घेण्याचे व्रत पत्करले आहे, त्यांनी उपेक्षित गाण्याची बाजू ऐकूनही घेऊ नये, यासारखी विसंगती दुसरी नाही. ती दूर करण्यास कोणाच्या परवानगीची आवश्यकता नाही. शाखेच्या पुढच्या बैठकीनंतर अर्धा तास राखून ठेवावा आणि एक विसरलेली तबकडी लावावी. खटला तेथूनच पुन्हा सुरू होईल.