विश्लेषण : तळं सरकारी, मासे कोणाचेच नाहीत, मग गळ टाकायला बंदी का?

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात मिनी आणि स्टोनी नावाची दोन तळी आहेत. तळी सरकारी आहेत, हे कोर्टानंही मान्य केलंय. तरीही मासेमारीचा परवाना खिशात असलेला सामान्य माणूस तिथं गळ टाकू शकत नाही. कारण तळ्याच्या चारही बाजूंची जमीन खासगी आहे.

नेमकं प्रकरण काय?

ही जमीन डग्लस लेक रँचची. चराऊ कुरणं धरून सुमारे ५ लाख एकरांचा हा पसारा अमेरिकी अब्जाधीश स्टॅन क्रोंके यांच्या मालकीचा आहे. फुटबॉलप्रेमी त्यांना आर्सेनलचे मालक म्हणून ओळखतात. तळ्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर रँचनं फाटक लावून कुलूप ठोकलं. पैसे भरून येणाऱ्या पाहुण्यांना मात्र मासेमारीची सोय आहे. मेरिट या छोट्या शहराच्या परिसरातला निकोला व्हॅली फिश अँड गेम क्लब आणि रँच यांच्यातला हा वाद कोर्टात गेला.

२०१८ मध्ये प्रांताच्या सुप्रीम कोर्टानं क्लबच्या बाजूनं कौल दिला. कुलूपबंद रस्ता सार्वजनिक आहे आणि रँचनं ट्राउट मासे सोडले म्हणून तळ्यातले मासे रँचचे होत नाहीत, असं न्यायमूर्तींनी सांगितलं.

मग बाजी कशी पलटली?

इथं गंमत पाण्याच्या पातळीची आहे. बंधाऱ्यांमुळे तळ्यांचं पाणी वाढलं आणि काठची खासगी जमीन त्याखाली गेली. म्हणजे आज जिथं पाणी सुरू होतं, ती तळ्याची मूळ हद्द नाही. मधला पट्टा बुडालेला असला तरी कागदोपत्री रँचचाच. २०२१ मध्ये अपील कोर्टानं हेच धरून ठरवलं, की तळं सार्वजनिक असलं तरी तिथं पोहोचण्यासाठी दुसऱ्याची जमीन ओलांडण्याचा हक्क मिळत नाही. मग लोकांनी काय आभाळातून उतरायचं? पुढे कॅनडाच्या सुप्रीम कोर्टानंही प्रकरण ऐकायला नकार दिला.

रँचची बाजू अगदीच पोकळ नाही. उघडी राहिलेली फाटकं, कचरा, वणव्याची भीती हे गुरं पाळणाऱ्याचे खरे प्रश्न आहेत. पण त्यावर नियम करता येतात. पैसे भरणाऱ्याला वाट मोकळी आणि परवानाधारकाला कुलूप, याचं उत्तर त्यातून मिळत नाही.

तोडगा आहे का?

आहे, आणि तो कॅनडातच आहे. नोव्हा स्कॉशिया प्रांताच्या मासेमारी कायद्यानुसार तिथल्या रहिवाशांना मासेमारीसाठी लागवडीखाली नसलेल्या जमिनीतून पायी जाता येतं. शेतं सुरक्षित राहतात, वाटही राहते. ब्रिटिश कोलंबियाच्या विधिमंडळानं असा कायदा करण्याचा विचार करावा, असं २०१८ च्या निकालातच सुचवलं होतं. अपील कोर्टाचा निकाल आहे त्या कायद्याला धरून आहे, त्यामुळे आता कोर्टाकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. चेंडू सरकारच्या कोर्टात आहे.