पौषातला मुक्काम

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होऊन फळीवर पालथे पडतात न पडतात तोच मराठी मध्यमवर्गाच्या घराघरांतून एक नवेच खलबत सुरू होते, आणि नाताळच्या आसपास जी चार-सहा दिवसांची सुटी पदरात पडणार असते ती कोणत्या पर्वतावर खर्च करावी या प्रश्नावर घरातील आबालवृद्ध आपापली मते हिरिरीने मांडू लागतात. कमावत्या मंडळींच्या हाती रजेचा हिशेब असतो, मुलांच्या हाती मोबाइल आणि त्यात बर्फाच्या चित्रांचा अखंड पुरवठा; आणि ज्यांच्या गुडघ्यांवरून व रक्तदाबावरून वस्तुतः या बेताची मर्यादा ठरावयास हवी ते आजी-आजोबा मात्र ‘तुम्ही ठरवाल तिथं येऊ’ असे म्हणून आपला हक्क आपण होऊन सोडून देतात. साहजिकच बहुमताने ठराव मंजूर होतो तो बर्फाचा. या ठरावास माझा विरोध आहे, आणि तो हिमालयाविषयीच्या अनादरापोटी नव्हे. त्या पर्वतराजाचे दर्शन ज्याला घडले तो भाग्यवानच. परंतु तीन पिढ्यांच्या कुटुंबाने, मोजक्या दिवसांत, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तेथे धावावे, हा बेत मुळातच चुकीच्या पायावर उभा आहे असे माझे मत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे ज्या बर्फासाठी हा सारा अट्टाहास चालतो तो नाताळचे निमंत्रण स्वीकारून येत नाही. भूमध्य समुद्राच्या बाजूने सरकत येणारे पश्चिमी विक्षोभ जेव्हा हिमालयावर येऊन आदळतात तेव्हा सिमला-मनालीकडे हिमवृष्टी होते, आणि तिचा खरा जोर बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत असतो. मुंबई-पुण्याहून विमानाने चंदीगड गाठले तरी पुढे मनालीपर्यंत सुमारे तीनशे किलोमीटरांचा रस्ता उरतोच. रेल्वेने निघावे तर उत्तरेकडील धुके कोणत्याही वेळापत्रकाला जुमानत नाही. आणि इतके करून मनालीत पोहोचावे तो डोंगर कोरडा! मग दुसऱ्या दिवशी पहाटे साऱ्या कुटुंबाची मोटारीत रवानगी होते ती २०२० साली खुल्या झालेल्या अटल बोगद्यापलीकडे, लाहौलात. म्हणजे जन्मभर समुद्रसपाटीला राहिलेल्या आजोबांना आपण दोन हजार मीटरांवरून काही तासांत तीन हजार मीटरांच्या वर नेऊन बसवितो. विरळ हवेचा त्रास साधारणपणे अडीच हजार मीटरांच्या पुढे जाणवू लागतो, हे वैद्यकातील प्राथमिक ज्ञान आपल्या बेतांत कोठेच दिसत नाही. आणि बर्फ पडलाच तर? डिसेंबर २०२४ मध्ये नाताळच्या तोंडावर याच बोगद्याच्या रस्त्यावर शेकडो वाहने हिमवृष्टीत अडकून पडली होती. सरहद्दीपलीकडे, पूर्वीच्या पंजाब सरकारचे उन्हाळी ठाणे असलेल्या मरी येथे जानेवारी २०२२ मध्ये बर्फ पाहावयास लोटलेल्या गर्दीपैकी वीसहून अधिक माणसे मोटारींतच मरण पावली. असे प्रसंग विरळा असतात हे खरे. तथापि लहान मुले व वृद्ध बरोबर घेऊन निघणाऱ्याने त्यांचा हिशेब बेतात धरावयासच हवा.

याउलट आपल्या दाराशी सह्याद्री उभा आहे, आणि त्याची थंडी आपण अद्याप नीट अनुभविलेली नाही. याचे कारण काही अंशी ऐतिहासिक आहे. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२९ साली साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार करून वाईकडील खंडाळ्याच्या बदल्यात महाबळेश्वरची जागा कंपनी सरकारकडे घेतली आणि तेथील वसाहतीस माल्कम पेठ हे नाव पडले. पुढे मुंबई इलाख्याच्या सरकारचा शिरस्ताच होऊन बसला, की उन्हाळ्यात महाबळेश्वर, पावसाळ्यात पुणे आणि थंडीत मुंबई. दप्तराचे रुमाल, कारकून, चोपदार असा सारा लवाजमा ऋतुमानाप्रमाणे घाट चढे व उतरे. म्हणजे ज्यांनी हे गिरिस्थान वसविले त्यांनी थंडीचा मुक्काम तेथे ठेवलाच नाही, आणि साहेब गेल्यावरही त्याचा शिरस्ता आपण निमूटपणे चालविला: थंड हवेचे ठिकाण म्हणजे मे महिना! वास्तविक सुमारे १,३५० मीटर उंचीच्या या पठारावर वर्षाकाठी सहा हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळून गेल्यावर, जांभ्या दगडाच्या भिंती सुकून, जांभूळ-हिरड्याची झाडी धुऊन निघून, हवा स्वच्छ होते ती हिवाळ्यातच.

त्यातही पौषातील पहाट पाहण्यासारखी असते. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री जमीन आपली ऊब झपाट्याने आकाशाच्या स्वाधीन करते. थंड झालेली हवा जड असल्यामुळे उतारावरून ओघळत सखल भागात साचते. आणि गावातील तापमापक आठ-दहा अंश दाखवीत असताना वेण्णा तलावाच्या काठी व लिंगमळ्याच्या बाजूस गवताच्या पात्यांवर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर, मोटारींच्या टपांवर दव गोठून त्याचे शुभ्र हिमकण झालेले असतात. हे दृश्य दरवर्षी नियमाने दिसेलच असे नव्हे, आणि सूर्य वर आला की ते पाहता पाहता नाहीसे होते. पण ते पाहण्यासाठी नातवंडांना विमानात कोंबावे लागत नाही, पहाटे रजईतून बाहेर काढले म्हणजे पुरे. (शेतकऱ्याला मात्र या हिमकणांचे कौतुक नसते; त्याच्या पिकाची पाने त्यांनी करपतात. बांधावरून चित्रे काढणाऱ्यांनी निदान रोपे तुडवू नयेत.) आर्थर सीटच्या कड्यावर सकाळी लवकर पोहोचले तर सावित्रीचे खोरे धुक्याने काठोकाठ भरलेले आढळते. दिवस वर आल्यावर क्षेत्र महाबळेश्वरी पंचगंगेच्या मंदिरात आजींना निवांत बसू द्यावे. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री व गायत्री या पाच नद्यांचा उगम जेथे मानला जातो तेथे पंधरा मिनिटांत दर्शन आटोपून मोटारीकडे पळणे हा त्या स्थानाचा आणि आजींचाही उपमर्द आहे. दुपारी पाचगणीजवळच्या भिलारला जावे. २०१७ पासून ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून नावारूपास आलेल्या या गावात लोकांच्या राहत्या घरांतून मराठी पुस्तके मांडलेली आहेत, आणि कोणाच्याही ओसरीवर बसून ती वाचता येतात. भोवती स्ट्रॉबेरीचे मळे ऐन बहरात असतात. मांघर हे मधमाशापालनासाठी प्रसिद्धीस आलेले गावही महाबळेश्वरच्याच परिसरात आहे. याहून अधिक काही ‘पाहण्याची’ गरज नाही. भाड्याची मोटार करून सकाळपासून संध्याकाळपर्यंत डझनभर पॉइंट उरकण्याची जी चाल येथे पडली आहे तिला मी सहल म्हणत नाही. ती हजेरी होय.

यावर कोणी म्हणेल, की नाताळात महाबळेश्वरी तरी कोठे पाय ठेवावयास जागा असते? आक्षेप सर्वथा मान्य. वाईहून वर चढणारा पसरणीचा घाट त्या आठवड्यात मोटारींच्या रांगेने तुंबतो, खोल्यांचे भाडे कल्पनेपलीकडे जाते, आणि घाटात ज्या मुलाला मळमळते त्याचे हाल पाहवत नाहीत. म्हणूनच माझा आग्रह स्थळाइतकाच काळाविषयी आहे. संक्रांतीचा तिळगूळ झाला, की प्रजासत्ताकदिनाच्या जोडसुटीपर्यंत जे आठ-दहा दिवस उरतात ते या बेतासाठी सर्वोत्तम. तेव्हा बहुधा पौष चालू असतो. पौषात लग्ने नसल्यामुळे नातेवाइकांची आमंत्रणे आड येत नाहीत. मात्र पौष पौर्णिमेच्या सुमारास मांढरदेवीची मोठी यात्रा भरते, तेवढे दिवस वाईकडचा रस्ता टाळलेला बरा. खोली घ्यावी ती तळमजल्यावरची, पूर्वेस व्हरांडा असलेली, म्हणजे वृद्धांना जिने चढावे लागत नाहीत आणि कोवळे ऊन अंगावर घेत चहा पिता येतो. गरम पाणी किती वाजता मिळते हे आरक्षणापूर्वीच विचारून घ्यावे, कारण इथली घरे पावसाला तोंड देण्यासाठी बांधलेली आहेत, गारठ्याला नव्हे. एखादे जास्तीचे पांघरूण घरून नेलेले कधी वाया जात नाही. मुक्काम एकाच ठिकाणी असावा, आणि त्यातील एक दिवस तरी कोणत्याही बेताविना मोकळा ठेवावा.

राहता राहिली ती एकच अडचण, आणि ती सोडविणे आई-बापांच्या हातचे नाही. मराठी शाळांना दिवाळीची सुटी मोठी आणि नाताळची नाममात्र, इंग्रजी माध्यमाच्या बहुतेक शाळांना नाताळात आठवडाभर मोकळीक. त्यामुळे एकाच घरातील चुलत भावंडांच्या सुट्या जुळत नाहीत, आणि ज्यांच्या जुळतात ते सारे एकाच आठवड्यात एकाच घाटात येऊन अडकतात. जानेवारीच्या मध्यापर्यंत बहुतेक शाळांची स्नेहसंमेलने व क्रीडास्पर्धा आटोपलेल्या असतात आणि वार्षिक परीक्षेस अवकाश असतो. तेव्हा शाळांच्या चालकांना व मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे, की कुटुंबासह प्रवासाला निघालेल्या मुलाला संक्रांतीनंतर तीन दिवसांची रजा पालकाच्या साध्या अर्जावर मंजूर करावी, आणि तिच्यासाठी वैद्यकीय दाखला मागू नये.